एकतीस जून

१२ सप्टेंबर

हात दाखवून अवलक्षण! अभ्यासाची सगळी कार्डं आज आकडेबाईंच्या हवाली करून आले.

साहेब म्हणाले होते, त्यांची सही घ्या आणि मोकळ्या व्हा. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट एका सहीएवढीच वाटते. बाईंची खोली तळघरात, लिफ्टच्या मोटारीशेजारी, जुन्या एक्स-रेंच्या कोठाराला लागून. इस्पितळातलं सगळं संशोधन त्यांच्या पट्टीखालून जातं — खरोखरच्या पट्टीखालून. लाकडी फूटपट्टी एकेका ओळीखाली सरकवत वाचतात. संगणक आहे, पण स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याच्याशी बोलत नाहीत. कशालाही 'हो' म्हणत नाहीत, 'असेल' म्हणतात. त्यांना भेटून आलेल्याला आकडी येते, म्हणून आकडेबाई. नाव मी ठेवलेलं नाही. ठेवलं असतं.

अभ्यास तर इतका साधा! मे ते ऑगस्ट, चार महिने, एकशे वीस म्हातारी माणसं, एक गोळी. तोल सांभाळणारी, म्हणे. निम्म्यांना खरी, निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची. कोणाला कोणती मिळाली हे त्यांना माहीत नाही, मलाही माहीत नाही. याला डबल ब्लाइंड म्हणतात — दोन्हीकडचे आंधळे. उत्तर बाईंच्या कपाटात, बंद पाकिटात. दर महिन्याला प्रत्येकाला एक कार्ड, रोजचा एक चौकोन. पडला नाहीत तर बरोबरची खूण, पडलात तर फुली. पोरखेळ.

"हे कार्ड कोणी आखलं?" बाईंनी विचारलं. मी अभिमानाने 'मी' म्हटलं. एकच साचा, वर महिन्याचं नाव हाताने लिहायचं, कितीही प्रती काढा.

"छापण्याआधी मला का दाखवलं नाहीत?"

म्हटलं, आधी काय दाखवणार, आकडे तर आत्ता आले. त्यांनी थर्मासमधलं गरम पाणी कपात ओतलं आणि त्या कपालाच म्हणाल्या, "बैल गेला नि झोपा केला." सही मिळाली नाही.

१३ सप्टेंबर

दादाचा फोन. नेहमीचं — बाबा कसे आहेत, खाली जातात का, जिन्याला कठडा दोन्ही बाजूंना आहे का. उंटावरून शेळ्या हाकणं कोणी याच्याकडून शिकावं! स्वतः राहतो चारशे मैलांवर, बाराव्या मजल्यावर. जुलैपासून पार्सलं पाठवतोय. आधी रबरी तळव्यांचे बूट, मग बाथरूमसाठी खरबरीत पायपुसणं, आता भिंतीला लावायचं हँडल. वडिलांना भेटायला यायला नको, म्हणून वस्तू! हँडल माळ्यावर टाकलं.

आणि शेवटी त्याचं ध्रुपद — "एकदा जरी पडले ना, मी घेऊन जाणार. इथे लिफ्ट आहे, माणूस ठेवू." आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहिले तेव्हा याच अटीवर त्याने मान डोलावली होती. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. रोज सकाळी स्वतःची किल्ली खिशात घालून खाली उतरतात, कोपऱ्यावरच्या बाकावर पेपरवाल्याशी भांडतात, वर येतात. एवढंच त्यांचं राज्य. ते काढून घेतलं तर उरलं काय?

पण पडत नाहीत ते. पुरावा आहे! अभ्यासात एकशे वीस पुरे होईनात तेव्हा साहेबांनी बाबांना घेतलं. मी कुरकुरले, तर म्हणाले, "वडील तुमचे, पेशंट माझा." तर बाबा म्हणजे नंबर सत्याऐंशी. चार कार्डं, एकही फुली नाही. दर एक तारखेला कार्डाचा फोटो दादाला पाठवते. पाठवताना फार बरं वाटतं.

१८ सप्टेंबर

०.०४!!

बाईंच्या संगणकातून आज एवढं बाहेर आलं. 'अ' गट 'ब' गटापेक्षा कमी पडला. ०.०५च्या खाली आलं की टाळ्या, वर राहिलं की कपाट. त्या आकड्याचा खरा अर्थ काय, हे बाईंनी मला तीनदा समजावलं. तिन्ही वेळा समजला, फक्त दर वेळी वेगळा. पाकीट अजून बंद आहे, पण 'अ' म्हणजे आपलीच गोळी हे साहेबांना आतून जाणवलंय. मला म्हणाले, या निबंधावर तुमची बढती पक्की. नऊ वर्षं सहायक आहे मी. माझ्यामागून आलेले माझ्यापुढे बसतात.

बाईंना विचारलं, आता सही? "कार्डं हाताने बघायची राहिलीत."

२३ सप्टेंबर

बाईंनी खाली बोलावलं. पट्टी बाजूला ठेवलेली — वाईट लक्षण.

"मे ते ऑगस्ट दिवस किती?" बोटांवर मोजून सांगितलं, एकशे तेवीस.

"तुमच्यातले तेवीस जण एकशे चोवीस दिवस जगलेत. एक दिवस जास्तीचा कुठून आणला?"

कार्डं समोर मांडली. जून महिना. एकतीस चौकोन. माझा एकच साचा! तीसच्या पुढचा चौकोन रिकामा असायला हवा. तेवीस जणांनी त्यात ठसठशीत खूण केली होती — एकतीस जूनला पडलो नाही.

मी हसायला लागले. बाई हसल्या नाहीत. रोजच्या रोज कार्ड भरणाऱ्याचा हात तीस तारखेला थांबतो, म्हणाल्या. एका बैठकीत सगळं भरणाऱ्याचा थांबत नाही.

२४ सप्टेंबर

साहेब बाईंना म्हणाले, एक चौकोन तर आहे, खोडून टाका.

"खोडता येईल," बाई म्हणाल्या. "पण ज्याने नसलेला दिवस लिहिला, त्याचे असलेले दिवस खरे कशावरून?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे. त्या खोलीला खिडकी नाही.

शेवटी ठरलं — फोन करून पुन्हा विचारायचं. तेवीस जणांना? छे. बाईंच्या मते नुसत्या तेवीसांना विचारलं तर तोही अन्याय, विचारायचं तर सगळ्या एकशे वीसांना, एकाच प्रश्नाने, एकाच सुरात. फोन कोण करणार? जिने कार्ड आखलं ती.

तेवीसांची यादी मिळाली. मधोमध सत्याऐंशी.

बाबा?! शक्यच नाही. बाबांनी कारखान्यात चौतीस वर्षं हजेरीपट सांभाळला. त्यातही सगळ्या महिन्यांना एकतीस चौकोन असायचे, आणि महिना लागायच्या आधी बाबा नसलेल्या चौकोनांवर लाल रेघ मारायचे. दादा लहानपणी रविवारी त्यांच्याबरोबर रेघा मारायला जायचा. मला नेत नसत, माझ्या रेघा वाकड्या. असा माणूस एकतीस जूनला खूण करेल? घाईत झालं असेल. चष्मा नसेल.

३ ऑक्टोबर

अकरा फोन. घसा बसला.

'पडलात का' असं विचारायचं नाही, ही बाईंची सक्त ताकीद. त्यांनी प्रश्न लिहून दिलाय — 'मे ते ऑगस्टमध्ये, मनात नसताना, आपण जमिनीवर आलात का? आला असाल तर किती वेळा?' मला वाटलं, काय हा द्राविडी प्राणायाम! पण पहिल्याच आजी म्हणाल्या, "पडले नाही हो. जमीनच वर आली."

पडत कोणीच नाही, असं कळलं. एक आजोबा टेकले. एक घसरले, पण अर्धेच. एक बाई पलंगाशेजारी बसल्या — अचानक, आणि पाऊण तास. निवृत्त बसचालक म्हणाले, "पडलो नाही, ब्रेक लागला नाही." फुली मात्र यांच्यापैकी कोणाच्याच कार्डावर नाही. त्यांच्या हिशेबाने ते खोटं बोललेलेच नाहीत.

६ ऑक्टोबर

आज एक आजी रागावल्या. म्हणाल्या, फुली मारली की सून कार्ड बघते, मग गच्चीवर जाणं बंद. "तुमच्या कागदासाठी मी माझी गच्ची घालवू?"

मग स्वतःच आकडा सांगितला. नोंद केली — तीन वेळा.

१० ऑक्टोबर

एकशे एकोणीस झाले. बाई पट्टीवरून नजर न काढता म्हणाल्या, "सत्याऐंशी राहिलेत."

सांगून टाकलं — ते माझे वडील आहेत, माझ्या घरात राहतात, पडले असते तर मला कळलं नसतं का?

"असेल," बाई म्हणाल्या. मग पट्टी एक ओळ खाली सरकवून, "मुलगी म्हणून विचारू नका. कागदावर आहे तसं विचारा."

१७ ऑक्टोबर

आठवडाभर टाळलं. आज सकाळी बाबांना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, कागद समोर धरला आणि शब्द इकडचा तिकडे न करता वाचला. मे ते ऑगस्टमध्ये, मनात नसताना, आपण जमिनीवर आलात का? आला असाल तर किती वेळा?

"चार," बाबा म्हणाले. चहात साखर किती, असं विचारल्यासारखं.

मग सगळं सांगितलं. शांतपणे, तारखांसकट. दोनदा जिन्यात, एकदा बाथरूममध्ये, एकदा बाकापाशी. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने उठवलं, बाथरूमच्या वेळी कामाच्या मावशींनी, बाकापाशी पेपरवाल्याने. त्या दिवसापासून पेपरवाला भांडणात मुद्दाम हरतो, याचं बाबांना वाईट वाटतं. मावशी रोज माझ्या हातात चहा देतात, तोंडातून एक शब्द नाही! म्हटलं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?

"तू सोडून. तू दादाला फोटो पाठवतेस ना."

काखेत कळसा आणि गावाला वळसा — एकशे एकोणीस घरी फोन करून आले, आणि हे.

"मला त्या बाराव्या मजल्यावर जायचं नाही गं," बाबा म्हणाले. "तिथून माणसं दिसत नाहीत. टकलं दिसतात."

हसले मी. हसताना रडू आलं आणि ते लपवता आलं नाही. राग आला होता, भीतीही वाटली होती, आणि सगळ्यांत जास्त लाज. सहा-सहा महिने इतर म्हाताऱ्यांचा तोल मोजत हिंडणारी बाई मी.

मग एकतीस जूनचं विचारलं. चष्मा नव्हता का? त्यावर मात्र बाबा दुखावले. चार वेळा पडल्याचं सांगताना ताठ होते, यावर दुखावले! म्हणाले, कारखान्यात वरचा साहेब कधीकधी भाच्याची खोटी हजेरी लावायला सांगायचा. पोटासाठी लावावी लागायची. पण मग बाबा त्या भाच्याला नसलेल्या तारखेलाही हजर दाखवायचे. तपासणारा जागा असेल तर त्याला कळावं, या ओळीत पाणी आहे. महिना एकतीसचा असला तर? "थांबायचं. तीसचा येतोच." हा त्यांचा स्वतःचा नियम — खोटं लिहावं लागलं तर त्यात एक खिडकी उघडी ठेवायची.

चौतीस वर्षांत किती तपासनीसांनी पकडलं, विचारलं. एकानेही नाही.

"त्या चारही कार्डांत खरी खूण ती एकच," बाबा म्हणाले. "एकतीस जूनला मी खरंच पडलो नाही."

ते कार्ड माझ्या हातातून गेलंय. फोटो मी काढलाय.

१८ ऑक्टोबर

बाबांचा रक्तदाब मोजला. बसवून — उत्तम. उभं करून — तीसने खाली. मे महिन्यात हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांची रक्तदाबाची गोळी वाढवली, हे मला माहीत होतं. त्यानंतर उभं करून एकदाही मोजला नाही, हेही मलाच माहीत. दिव्याखाली अंधार.

गोळी कमी करून घेतली. काठी आणली. माळ्यावरून हँडल काढून सुताराकडून लावून घेतलं. बाबांनी एकच वचन मागितलं — दादाला सांगायचं नाही. दिलं. बाईंना मात्र सगळं सांगणार, हे त्यांना सांगितलं. "सांग की," म्हणाले, "ती तपासणारी आहे."

२७ ऑक्टोबर

नव्या उत्तरांचा हिशेब झाला. ०.०४चं ०.३१ झालं. 'अ' आणि 'ब' सारखेच पडतात. गोळी काय आणि पीठ काय!

साहेब म्हणाले, काही होत नाही असं सांगणारा निबंध कोण छापणार? बाई म्हणाल्या, आपण. आणि चार महिन्यांपूर्वीच्या आठवणीवर त्यांचा विश्वास नाही, म्हणून नोव्हेंबरभर सगळ्यांची नवी कार्डं — या वेळी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी भरायची, रोजच्या रोज. त्याशिवाय सही नाही. नवं कार्ड त्यांनी स्वतः आखलंय. चौकोन तीस.

बढतीचं साहेबांनी काढलं नाही. मीही नाही. कपाट.

९ नोव्हेंबर

बाबा बाथरूममध्ये टेकले. हँडल धरून. लागलं नाही. फुली मारली.

१४ नोव्हेंबर

बाई घरी आल्या! काही घरांत जाऊन कार्डं खरंच रोज भरली जातात का, हे बघायचं होतं म्हणे. तीन मजले चढल्या, पहिल्या मजल्यावर थांबल्या, दुसऱ्यावर थांबल्या. पिशवीत पट्टी.

कार्ड तपासून झाल्यावर बाबांनी विचारलं, "एकतीस जून कोणी पकडला?"

"मी."

बाबा उठून उभे राहिले — हळू, मी शिकवलंय तसं, आधी बसून दहा आकडे मोजून. आतून आपली लाल रेघांची जुनी पट्टी आणली. शिसवी, कडा झिजलेली. दोघांनी पट्ट्या शेजारी ठेवून पाहिल्या. बाबांची एका रेषेने आखूड निघाली. "चौतीस वर्षं वाट पाहिली एका माणसाची," बाबा म्हणाले.

"असेल," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्या शब्दात 'हो' ऐकू आलं. जाताना मला म्हणाल्या, पुढच्या वेळी छापण्याआधी दाखवा, अगं.

अगं!

२२ नोव्हेंबर

दुसरी फुली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. गुडघा खरचटला. शिंप्याने आधी मला फोन केला, मग उठवलं. प्रगती आहे.

२९ नोव्हेंबर

दादाचा फोन. सप्टेंबर-ऑक्टोबरचं कार्ड नव्हतं, तर नोव्हेंबरचं परवा पाठव, म्हणाला. जिन्याचं विचारलं. हँडलचं विचारलं. मी म्हटलं, सगळं छान. खोटं बोलायला बाबांसारखी शिस्त लागते, ती माझ्यात नाही.

३० नोव्हेंबर

खरं कार्ड बाईंना दिलं. अठ्ठावीस खुणा, दोन फुल्या. शेवटी एकदा सही झाली.

मग घरी येऊन बाबांबरोबर टेबलाशी बसले. माझ्या जुन्या, चुकीच्या साच्याची एक प्रत उरली होती. वर 'नोव्हेंबर' लिहिलं. दादासाठी. माझा हात तीसवर थांबला.

"पुढची पण," बाबा म्हणाले. मी म्हटलं, राहू दे ना, दादाला कुठे कळणार आहे.

"नियम म्हणजे नियम."

केली.

१ डिसेंबर

सकाळी फोटो पाठवला. दोन मिनिटांत दादाचं उत्तर — 'एकतीस नोव्हेंबर! जूनमध्येही होता, तेव्हाच कळलं. किती वेळा? लागलं नाही ना? ते तिथे खूश आहेत, म्हणून गप्प आहे मी. बाबांना सांगू नकोस.'